रबाळ्याहून रॉटरडॅमला: दहशतीच्या काळात माल पाठवताना

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुती बंडखोरांनी लाल समुद्रात हेलिकॉप्टर उतरवून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. महिन्याभरात बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि न्हावा शेवा बंदरातून युरोपला निघालेला डबा, म्हणजे कंटेनर, आफ्रिकेला वळसा घालू लागला. मुंबई ते रॉटरडॅम या प्रवासात हा वळसा चार हजारांहून जास्त सागरी मैलांचा पडतो. रबाळ्यात काही फुटलं नाही, वागळे इस्टेटीत खिडकीची काचही तडकली नाही. तिथल्या कारखानदारांनी आधीच पाठवून ठेवलेली कोटेशनं मात्र निकामी झाली.

लहान निर्यातदारापर्यंत दहशतवाद पोहोचतो तो असा: जहाजाच्या बिलात एक जादा ओळ, विम्यातलं न वाचलेलं कलम, बँकेचा ‘खुलासा द्या’ असा ईमेल. यातला प्रत्येक खर्च शेवटी कोणाच्या तरी खात्यावर पडतो. करारात नाव लिहिलेलं नसेल, तर साखळीतला सगळ्यात लहान माणूस तो भरतो. म्हणून ही तयारी कामाच्याच क्रमाने दिली आहे, पहिल्या चौकशीपासून गिऱ्हाइकाच्या दारात सील तुटेपर्यंत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून, वागळ्याहून किंवा भिवंडीहून महिन्याला दोन-चार कंटेनर काढणारा कारखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे.

गिऱ्हाईक कोण, हे भाव देण्याआधी

२८ सप्टेंबर २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दहशतवादाचा पैसा गोठवणं सगळ्या देशांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे ते काम यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या ५१-अ कलमाखाली चालतं. तुमची बँक प्रत्येक परदेशी व्यवहारातली नावं बंदी घातलेल्यांच्या यादीशी ताडून बघते. तिला जुळणी सापडली की पैसे अडकतात, आणि तोवर माल जहाजावर चढलेला असतो. त्यामुळे हीच तपासणी आपण आधी करायची.

दोन याद्या किमान बघा: संयुक्त राष्ट्रांची एकत्रित यादी आणि अमेरिकी अर्थखात्याच्या ओफॅक या निर्बंध कार्यालयाची एसडीएन यादी. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. माल युरोपला जात असेल तर युरोपियन युनियनची यादीही बघा. फक्त कंपनीचं नाव टाकून थांबू नका. मालक, संचालक, माल घेणारा, ‘नोटिफाय पार्टी’ (माल पोहोचल्याची खबर ज्याला द्यायची तो), पैसे पाठवणारी बँक आणि जहाज, सगळं तपासा. जहाज नावावरून शोधू नका, सात आकडी आयएमओ क्रमांकावरून शोधा. नाव आणि झेंडा बदलतो, तो क्रमांक बदलत नाही. ओफॅकचा आणखी एक नियम लक्षात ठेवा: यादीतल्या माणसांचा मिळून ५० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेली कंपनी, तिचं नाव यादीत नसलं तरी, यादीत असल्यासारखीच धरतात.

अरबी नावांचं इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा प्रकारे होतं, तेव्हा नुसतं नाव जुळलं म्हणून घाबरू नका. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता ताडून बघा. जुळत नसेल तर ट्रेड लायसन्सची प्रत मागवा, शोधाच्या पानाची तारखेसह पीडीएफ काढा आणि फाइलला लावा. उद्या बँकेने विचारलं तर ही पीडीएफच तुमचं उत्तर असते.

खरी गडबड यादीत नसते, वागण्यात असते. माल दुबईला, पैसे तिसऱ्याच देशातून, तेही वेगळ्या नावाने. पत्ता म्हणून एखाद्या फॉरवर्डरचं गोडाऊन. यंत्र घेतो पण बसवून देऊ नका म्हणतो. वापर विचारला की ‘जनरल ट्रेडिंग’. अशा गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

वाशीच्या एपीएमसीतल्या आयातदारांना हा धडा उलट्या बाजूने लागू होतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २ मे २०२५ पासून पाकिस्तानी मालाच्या थेट आणि आडवळणाच्या अशा दोन्ही आयातीवर बंदी आहे. त्यानंतर डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’मध्ये न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले: १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी, दुबईमार्गे आलेला. दुबईहून खारीक घेणाऱ्याने नुसत्या उगम प्रमाणपत्रावर विसंबू नये. माल दुबईत कुठून आला, त्या आधीच्या प्रवासाचं बिल ऑफ लेडिंगही (जहाज कंपनीची मालाची पावती) मागावं. ते द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा माल घेऊ नये.

मालच यादीत असेल तर?

हा भाग टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात फार हलक्यात घेतला जातो. स्कोमेट यादी, म्हणजे शस्त्रांसाठीही वापरता येतील म्हणून ज्यांच्या निर्यातीला परवाना लागतो अशा वस्तूंची यादी, म्हटलं की क्षेपणास्त्रं आठवतात, पण तिच्यात साबण-सौंदर्यप्रसाधनांत आणि कटिंग ऑइलमध्ये जाणारं ट्रायइथेनॉलअमाइनही आहे, कारण रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत ते आहे. छपाईच्या शाईत लागणारं थायोडायग्लायकॉल दुसऱ्या अनुसूचीत आहे. यंत्रांचंही तसंच. रासायनिक आणि जैविक अस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या देशांच्या ऑस्ट्रेलिया गटाच्या नियंत्रणात १०० लिटरच्या वर आणि २०,००० लिटरच्या आत असलेला रिअॅक्टर येतो, जर रसायनाला लागणारा पृष्ठभाग काचेचा, फ्लोरोपॉलिमरचा, टँटलमचा, टायटॅनियमचा किंवा ४० टक्क्यांहून जास्त निकेल असलेल्या मिश्रधातूचा असेल. म्हणजे आपल्याकडे सर्रास बनणारा ग्लास-लाइन्ड रिअॅक्टर. भारत जानेवारी २०१८ पासून या गटात आहे.

करायचं असं: मालाचा एचएस कोड (कस्टमचा वर्गीकरण क्रमांक) नव्हे, तर तांत्रिक वर्णन हातात घेऊन स्कोमेट यादी वाचा. एचएस कोडवरून ती शोधणं हीच नेहमीची चूक. वस्तू यादीत बसत असेल तर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर परवान्याचा अर्ज करायचा, सोबत अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र. याला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर घेतानाच ‘परवाना मिळाल्यावर अमुक आठवड्यांत’ अशी मुदत लिहून घ्या. वस्तू बसत नसेल तर तसा एक कागद, मटेरियल आणि माप लिहून, आपल्याच लेटरहेडवर करून ठेवा. कस्टमने अडवलं की सीएचएकडे, म्हणजे आपल्या कस्टम एजंटकडे, द्यायला हाच लागतो.

वळशाचा खर्च कोणाचा

‘परिस्थिती हाताबाहेर गेली, आता करार संपला’ अशी समजूत असेल तर एक जुना निकाल ऐकण्यासारखा आहे. १९५६ साली सुएझ कालवा बंद पडला तेव्हा सुदानचे शेंगदाणे सीआयएफ दराने (मालाची किंमत, विमा आणि भाडं धरून) हॅम्बुर्गला द्यायचे होते. विक्रेत्याने माल पाठवलाच नाही. लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की आफ्रिकेच्या टोकावरून जाणारा केपचा लांबचा रस्ता खुला होता, महाग पडला म्हणून करार मोडत नाही. मधल्या काळात तोच प्रश्न परत आलाय, फक्त शेंगदाण्यांऐवजी व्हॉल्व्ह आहेत.

म्हणून कोटेशनमध्ये तीन ओळी घाला. पहिली, भाड्याचा दर सात दिवसच वैध. दुसरी, बुकिंगनंतर जहाज कंपनीने लावलेला वॉर रिस्क, कंजेशन किंवा वळशाचा सरचार्ज प्रत्यक्ष बिलाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या खात्यावर. तिसरी, पोहोचण्याची तारीख ‘अंदाजे’. आपली जबाबदारी जहाजावर चढवण्याच्या तारखेपुरती. सीआयएफमध्ये जोखीम माल जहाजावर चढला की गिऱ्हाइकाकडे जाते, पण भाडं तुमच्या गळ्यात राहतं, हे विसरून लोक सीआयएफ दर देतात. बाजार तापलेला असताना एफसीए (ठरल्या जागी वाहतूकदाराकडे सोपवण्यापर्यंतचा दर) किंवा एफओबी (जहाजावर चढवण्यापर्यंतचा दर) दिलेला बरा. कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीएच योग्य, कारण माल तुम्ही बंदराच्या गेटवर सोपवता आणि जहाजावर चढायला पुढे दोन-चार दिवस जातात. त्या दिवसांची जोखीम एफओबीत तुमचीच.

उशिराचा खर्चही मांडून बघा. ४० लाखांचा माल, १२ टक्के व्याज, १४ दिवस उशीर: जवळजवळ १८,४०० रुपये नुसतं व्याज. वर गिऱ्हाइकाचा उशिराचा दंड असेल तर तो वेगळा. त्याला करारात कमाल मर्यादा घालून घ्या.

विमा: सगळ्यात जास्त गैरसमज इथेच

‘ऑल रिस्क घेतलाय’ म्हणणाऱ्या दहा जणांत पॉलिसी वाचलेला एखादाच. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’, ज्याला बाजारात ऑल रिस्क म्हणतात, त्याच्या सहाव्या कलमात युद्ध वगळलेलं आहे आणि सातव्यात संप, दंगल, दहशतवाद. म्हणजे ज्या कारणासाठी झोप उडाली आहे नेमकं तेच बाहेर. ते परत आत आणायला दोन वेगळी क्लॉजेस जोडावी लागतात: इन्स्टिट्यूट वॉर क्लॉजेस आणि इन्स्टिट्यूट स्ट्राइक्स क्लॉजेस. दहशतवादी कृत्य दुसऱ्यात येतं. नाव ‘स्ट्राइक्स’ असल्यामुळे ‘आमच्याकडे संप होत नाही’ म्हणून ते काढून टाकणारेही आहेत. एजंटला ‘एसआरसीसी आणि वॉर, दोन्ही जोडा’ असं ईमेलवर लिहा (एसआरसीसी म्हणजे हेच संप-दंगलीचं कव्हर) आणि सर्टिफिकेटवर दोन्ही नावं छापून आली का ते बघा.

दोन्हींची हद्द सारखी नाही. युद्धाचं कव्हर पाण्यावरचं: माल जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंत, आणि माल जहाजावरच पडून राहिला तर शेवटच्या बंदरात जहाज पोहोचल्यावर जास्तीत जास्त १५ दिवस. मधल्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढवायचा असेल तर तिथेही १५ दिवस, मग नव्या जहाजावर चढला की परत सुरू. या मधल्या बंदराच्या यार्डात जमिनीवर असलेल्या डब्यावर क्षेपणास्त्र पडलं, तर त्या मुदतीनंतर कव्हर नाही. दहशतवादाचं कव्हर मात्र प्रवासभर, पण प्रवास संपला की संपतं; बंदरात उतरवल्यापासून समुद्रमार्गे कमाल ६० दिवस. परदेशी गोडाऊनमध्ये साठा करून हळूहळू विकणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आता जे कशातच नाही ते. उशिरामुळे झालेलं नुकसान चौथ्या कलमात सरळ वगळलेलं आहे, उशिराचं कारण विम्यातलं असलं तरी. वळशामुळे औषधाची मुदत सरली, हंगाम हुकला, तर पॉलिसी काही देत नाही. सीआयएफमध्ये विक्रेत्याने घ्यायचा किमान विमा ‘सी’ क्लॉजेसचा, बिलाच्या ११० टक्के रकमेचा. हे किमान आहे. आगीचं, जहाज बुडण्याचं वगैरे मोजकंच त्यात येतं. ४० लाखांच्या मालाला ४४ लाखांचा विमा, ‘ए’ क्लॉजेस अधिक दोन्ही जोड, हीच निवड करा. मालाच्या युद्ध-प्रीमियमचा दर ०.०५ टक्क्याने वाढला तरी ४४ लाखांवर २,२०० रुपये होतात. कंजूसपणा करायची ही जागा नव्हे.

ओपन पॉलिसी (एकामागून एक जाणाऱ्या सगळ्या मालाची एकच) असेल तर एक तारीख लक्षात ठेवावी लागते: विमा कंपनी सात दिवसांच्या नोटिशीवर युद्ध आणि संपाचं कव्हर काढून घेऊ शकते. आधीच निघालेल्या मालाला सहसा धक्का लागत नाही, पण पुढच्या आठवड्याच्या डब्याला लागतो. ही नोटीस एजंटच्या इनबॉक्समध्ये मरून पडते. त्यामुळे प्रत्येक डबा निघण्याच्या दोन दिवस आधी ‘दर आणि कव्हर कायम आहे का’ असं विचारून लेखी उत्तर घ्या.

आणि जहाज कंपनीने ‘तुमचा माल आम्ही अमुक बंदरात उतरवत आहोत, वाहतूक करार तिथे संपला’ असा ईमेल पाठवला, तर त्याच दिवशी तो विमा कंपनीकडे पाठवून कव्हर चालू ठेवण्याची विनंती करा. नवव्या कलमात तशी सोय आहे, पण ती तत्काळ कळवणाऱ्यालाच. आठवडाभराने कळवलं तर भांडण तुमचं आणि त्यांचं.

गिऱ्हाईक बुडालं किंवा त्याच्या देशात युद्ध पेटून पैसे अडकले, तर त्यासाठी ईसीजीसी, म्हणजे निर्यातीच्या येण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी. मालाचा विमा तिथे उपयोगाचा नाही आणि ईसीजीसी मालाच्या नासधुशीला उपयोगी नाही. दोन्ही लागतात.

डबा: तीस मिनिटांचं काम

१२ मार्च १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स रायगडच्याच किनाऱ्यावर, शेखाडीला उतरलं होतं. पण २००१ नंतर जगाची चिंता किनाऱ्यावरून कंटेनरकडे वळली. डब्यात आपल्या मालाव्यतिरिक्त काही गेलं तर परदेशातल्या यंत्रणा पहिला सवाल डबा भरणाऱ्यालाच करतात. म्हणून रिकामा डबा गेटवर आला की माथाडींना लगेच हाक मारू नका.

सात बाजू बघायच्या: पुढची भिंत, डावी, उजवी, तळ, छत, दारं आत-बाहेरून, आणि खालचा सांगाडा. आतली लांबी टेपने मोजा. वीस फुटी डब्याची साधारण ५.९ मीटर, चाळीस फुटीची १२.०३ मीटर. दहा सेंटिमीटर कमी भरली तर पुढे खोटी भिंत असू शकते. डबा परत करा. भिंती ठोकून बघा, पोकळ आवाज येता कामा नये. ताजं वेल्डिंग, एकाच पट्ट्यावर नवा रंग, तळातली एखादीच नवी प्लायवूड फळी, ही शंकेची ठिकाणं. एक जण आत उभा राहून दारं लावून घ्या. प्रकाशाचा ठिपका दिसला तर पाणीही आत येणार. डब्यावरचा क्रमांक चार अक्षरं आणि सात आकडे असा असतो; तो दारावर, बाजूंवर आणि आत एकच आहे का ते बघा.

दाराचं हँडल मात्र सगळ्यात नीट बघा. सील तसंच ठेवून माल काढणारे लोक सीलला हातच लावत नाहीत. ते हँडल धरून ठेवणारा रिव्हेट किंवा बोल्ट कापतात, दार उघडतात, मग रंगवलेला नवा बोल्ट बसवून जातात. सील शाबूत, माल गायब. रिव्हेट हलतोय का, त्यावरचा रंग बाजूच्यापेक्षा चकचकीत आहे का, हे बोटाने तपासा. महाग माल असेल तर बोल्ट सीलसोबत दोन्ही दारांच्या आतल्या दांड्यांना वेढणारं केबल सीलही लावा.

सील आयएसओ १७७१२ या मानकाच्या ‘एच’ (सगळ्यात मजबूत) दर्जाचं हवं. त्यावर ‘एच’ अक्षर उठलेलं असतं. कारखान्यातच सील करायचं असेल तर कस्टमची स्व-सीलिंग परवानगी आणि आरएफआयडी ई-सील (यंत्राने दुरून वाचता येणारं) लागतं. गाडी निघण्याआधी शिपिंग बिलाचा (कस्टमला द्यायच्या निर्यात कागदाचा) क्रमांक, सील क्रमांक, वेळ, डब्याचा आणि ट्रेलरचा क्रमांक हे पोर्टलवर चढवायचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ऐनवेळी ट्रेलर बदलतो आणि जुना नंबर तसाच राहतो. मग गेटवर सील वाचलं की माहिती जुळत नाही, डबा तपासणीला बाजूला जातो आणि जहाजाची कट-ऑफ (माल घेण्याची शेवटची वेळ) हुकते.

सील लावल्यावर चार गोष्टी: नीट बघा, नंबर कागदाशी ताडा, जोराने खेचा, पिळून बघा. फोटोही ठरावीक क्रमाने: रिकामा डबा, अर्धा भरलेला, पूर्ण, एक दार बंद, दोन्ही बंद, सीलचा नंबर जवळून. सीलची पेटी कुलपात आणि वही एकाच माणसाकडे. वाया गेलेलं सीलही वहीत लिहायचं.

रबाळ्याहून न्हावा शेवा चाळीसेक किलोमीटर. तरी गव्हाण फाट्याच्या आसपास रात्रभर ट्रेलर उभा राहतो, आणि चोरी किंवा घुसवाघुसवी होते ती याच तासांत. थांबे आधी ठरवा, प्रत्येक थांब्यानंतर ड्रायव्हरकडून सीलचा फोटो घ्या, कारण न सांगता अर्ध्या तासाहून जास्त थांबला तर फोन करा.

कागद आणि चोवीस तास

अमेरिकेला जाणाऱ्या डब्याची माहिती जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधी तिथल्या कस्टमला गेलेली असावी लागते. जानेवारी २००९ पासून आयातदारालाही ‘टेन प्लस टू’ भरावं लागतं: दहा बाबी आयातदाराच्या, दोन जहाज कंपनीच्या. त्यातल्या दहांत उत्पादकाचं नाव-पत्ता, विक्रेता, माल पोहोचवायची जागा, डबा भरण्याची जागा आणि सहा आकडी कोड येतो. चूक झाली तर ५,००० डॉलरचा दंड आयातदाराला, आणि तो पुढच्या बिलातून तुमच्याकडून वसूल होतो. इथल्या मंडळींची ठरलेली चूक: डबा भिवंडीच्या गोडाऊनमध्ये भरलाय आणि कागदावर वागळ्याचा कारखाना. खरी जागा लिहा.

युरोपने जून २०२४ पासून समुद्रमार्गाला आयसीएस-२, म्हणजे मालाची माहिती आधीच मागणारी कस्टमची यंत्रणा, टप्प्याटप्प्याने लागू केली. त्यात ‘मशिनरी पार्ट्स’, ‘जनरल कार्गो’ असलं मोघम वर्णन चालत नाही. ‘स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह, औद्योगिक’ असं लिहा, सहा आकडी एचएस कोड आणि युरोपातल्या घेणाऱ्याचा ईओआरआय (तिथला कस्टम नोंदणी) क्रमांक द्या. ही माहिती बुकिंगच्याच दिवशी गिऱ्हाइकाकडून मागून ठेवा. कट-ऑफच्या रात्री ॲम्स्टरडॅममध्ये फोन उचलायला कोणी नसतं.

विमानाने जाणाऱ्या मालाचं थोडक्यात: ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या प्रिंटरच्या टोनरमध्ये स्फोटकं सापडल्यापासून माल विमानात चढण्याआधीच माहिती तपासली जाते. ‘नमुना, किंमत नाही’ असं लिहिलेलं पार्सल पहिलं अडतं. वस्तू आणि तिची खरी किंमत लिहा. आणि ग्राउंड हँडलिंग कंपनीवर विसंबून शेवटच्या तासाला माल नेऊ नका. १५ मे २०२५ ला एका परदेशी हँडलिंग कंपनीची सुरक्षा मंजुरी एका आदेशाने काढून घेतली गेली, आणि ती मुंबई विमानतळावरही काम करत होती.

दरमहा डबे जाणारच असतील तर एईओ दर्जा, म्हणजे कस्टमची विश्वासू व्यापारी म्हणून मान्यता, घ्या. टी-१ कागदांवर मिळतो, टी-२ साठी कारखान्याची सुरक्षा प्रत्यक्ष बघितली जाते. नेहमीच्या अर्जदाराला वर्षात २५ शिपिंग बिलं किंवा बिल ऑफ एन्ट्री (आयातीचे तसेच कागद) लागतात, सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगाला १०. वर सांगितलेली सीलची वही आणि फोटोंचा क्रम असेल तर टी-२ ची निम्मी तयारी झालेलीच असते.

बँक आणि शेवटचं दार

एलसीत (गिऱ्हाइकाच्या बँकेच्या पैशाच्या हमीपत्रात) शेवटची शिपमेंट तारीख तीन आठवडे सैल ठेवून घ्या, ट्रान्सशिपमेंट (मधल्या बंदरात जहाज बदलणं) ‘अलाउड’ असू द्या आणि मार्गाचं नाव, म्हणजे ‘व्हाया सुएझ’, कुठेही येऊ देऊ नका. आलं आणि जहाज केपमार्गे गेलं की कागदात तफावत. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या ३६ व्या कलमाकडेही लक्ष असू द्या: दहशतवादी कृत्यामुळे बँक बंद पडली आणि त्या काळात एलसीची मुदत संपली, तर बँक उघडल्यावर पैसे देणं तिला बंधनकारक नाही. अस्थिर देशातल्या बँकेची एलसी असेल तर ती आपल्याकडच्या बँकेकडून कन्फर्म करून घेणं, म्हणजे तिचीही हमी घेणं, हाच त्यावर उपाय.

डबा पोहोचल्यावर काय करायचं, हे गिऱ्हाइकाला आधीच लिहून पाठवा. सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगशी ताडावा, सीलचा आणि हँडलच्या रिव्हेटचा फोटो काढावा, मगच तोडावं. नंबर वेगळा असेल तर दार उघडू नये. डिलिव्हरीच्या पावतीवर तसा शेरा मारावा, जहाज कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावं आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलवावं. बाहेरून न दिसणारं नुकसान असेल तर कळवायला तीन दिवस आहेत, दावा कोर्टात न्यायला एक वर्ष. तुटलेलं सील फेकून देऊ नये. पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवावं. सर्व्हेअर सगळ्यात आधी तेच मागतो.